दोन रिंगांची खुशाली

सहा दिवस ऑफिसात मान मोडून काम आणि शुक्रवारी सुट्टीला ही रांग! आखातातल्या देऱ्यात आमच्या बिल्डिंगखाली कार्डाचा फोन होता. माझ्यापुढे बहुतेक वेळा एक पन्नाशीचा वेल्डर असायचा, साताऱ्याकडचा. नाव मी कधी विचारलं नाही. तो घरचा नंबर लावायचा, दोन रिंगा मोजायचा आणि कुणी उचलायच्या आत फोन ठेवायचा.

"खलास! दोन रिंगा म्हणजे मी बरा आहे, असं बायकोशी ठरलंय. कार्ड संपत नाही."

मग शर्टाच्या टोकाने रिसीव्हर पुसून माझ्या हातात द्यायचा.

एकदा मी त्याला पेपरातली बातमी सांगितली. युरोपात म्हणे कायदा करून टेलिफोनची मक्तेदारी मोडतायत, आता फोन स्वस्त होणार.

"इथेही होईल काका, आज ना उद्या. मग पोटभर बोला."

त्याने लाल झालेले डोळे चोळले.

"नको साहेब. बोललो तर आवाजावरून तिला सगळं कळेल."

त्याने पुसलेला रिसीव्हर मी घेतला, पुण्याला फोन लावला. आईने विचारलं, "कसा आहेस?"

"मजेत," मी म्हटलं.

"मग आवाज असा का येतोय रे?" आई म्हणाली.