घोष आणि अघोष
घसा धरला की मी गळ्याला बाम चोळते, आणि गळ्यावर बोटं फिरताच नाशिकच्या कॉलेजातली एक दुपार आठवते. सटाण्याकडच्या खेड्यातून मी भाषाविज्ञान शिकायला आले होते. घरी आम्ही अहिराणी बोलायचो. पहिल्याच आठवड्यात वर्गात माझ्या तोंडून 'आहे'ऐवजी 'शे' निघालं, मुली हसल्या, आणि त्या दिवसापासून मी बोलणंच टाकलं. मेसच्या मावशींनाही नुसती मान हलवायचे. त्या दुपारी खिडकीतून उन्हाची झळ येत होती आणि मॅडम ध्वनींचे प्रकार शिकवत होत्या. "गळ्यावर बोटं ठेवा. 'स' लांबवा. काही थरथरत नाही ना? तो अघोष. आता झाडातला 'झ' लांबवा. थरथरलं, तर तो घोष." सगळा वर्ग भुंग्यांसारखा गुणगुणू लागला. माझ्या बोटांना मात्र काहीच जाणवेना. मॅडम माझ्या बाकाशी आल्या. "अगं, तू नुसतंच तोंड हलवतेयस. आवाज काढ. घरी बोलतेस तसं बोल काहीतरी." मी डोळे मिटले आणि म्हणाले, "माय, मी आठे शे." बोटांखाली गळा असा थरथरला की मलाच रडू फुटलं. या वेळी कुणी हसलं नाही. मी आईला 'मी इथे आहे' म्हणाले, हे कुणाला कळलंही नाही. "हां, हा घोष," असं म्हणत मॅडम पुढच्या बाकाकडे गेल्या. आज माझ्या घरात नवरा आहे, मुलगी आहे, दिवसभर बोलणं चालू असतं. पण अहिराणीत काही विचारलं, तर त्याच भाषेत उत्तर देणारं कुणी नाही.