उजवा हात आणि तांब्याभर पाणी

"इन्व्हेझिव्ह डक्टल कार्सिनोमा." डॉक्टरांनी अहवालातल्या तीन शब्दांवर बोट ठेवून ते वाचले आणि मग सावकाश मराठीत सांगितले, "स्तनातल्या दुग्धनलिकेत सुरू होऊन आसपास पसरू पाहणारा कर्करोग. पण वेळेत सापडला आहे. उपचार लांबलचक आहेत, मात्र ते पूर्ण करायचे."

त्या क्षणातले मला दोनच स्पर्श आठवतात. खोलीतली कोरडी, यंत्राची थंडी. आणि माझ्या मनगटावर येऊन थांबलेला पतींचा तळवा. इतवारीच्या बाजारात आमचे भांड्यांचे दुकान आहे. त्या तळव्याला पितळेचा आणि चिंचेचा आंबूस वास होता. दुकानातून ते तसेच उठून आले होते.

शस्त्रक्रिया झाली. डाव्या काखेतल्या गाठीही काढाव्या लागल्या. मला घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "या हाताला आता सुई नको आणि रक्तदाबाचा पट्टाही नको. सूज येऊ शकते." पुढे केमोथेरपीच्या आठ फेऱ्या होत्या. कर्करोगाच्या पेशी मारणारे औषध शिरेतून थेंबाथेंबाने सोडतात, ती केमोथेरपी. आठही वेळा सुई टोचायची ती उजव्याच हाताला. आजार डावीकडे होता. परीक्षा मात्र उजव्या हाताची सुरू झाली.

एका टोचण्यात ज्यांचे काम होते त्यांना हे लिहिणे अवाजवी वाटेल. ज्यांच्या शिरा सापडत नाहीत, ज्यांच्या हाताकडे पाहून सिस्टर खोल श्वास घेतात, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे.

दर एकवीस दिवसांनी केमो. पहिली सोमवारी आली, म्हणून सगळ्याच सोमवारी येणार होत्या. सोमवार महादेवाचा. मला त्यात एक खूण दिसली आणि मी मनोमन संकल्प सोडला: आठही सोमवार निर्जळी करीन. रविवारच्या रात्रीच्या जेवणानंतर, औषधाची बाटली रिकामी होईपर्यंत, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. कुणाला सांगितले नाही. सांगितले असते तर कुणी करू दिले नसते, हे मला ठाऊक होते.

कॅन्युला म्हणजे शिरेत बसवायची बारीक, मऊ नळी. तिच्या आत सुई असते. नळी जागेवर बसली की सुई काढून घेतात. पहिल्या सोमवारी ती दुसऱ्या प्रयत्नात बसली. दुसऱ्या सोमवारी चौथ्या. तिसऱ्या सोमवारी पाचव्या. रबरी पट्टा दंडावर आवळला जाई, स्पिरिटचा गार बोळा कातडीवरून फिरे, मग सुई आत शिरे आणि आतल्या आत शोधत राही. टोचण्याची वेदना क्षणाची असते. त्या शोधण्याची वेदना मात्र लांब असते. ती दातांपर्यंत येते.

"काकू, तुमच्या नसा पळतात," एक सिस्टर म्हणाली. तिचा हेतू वाईट नव्हता. पण घरी येताना सक्करदऱ्याचा तलाव ओलांडेपर्यंत मी त्या वाक्यापाशीच थांबले होते. माझेच शरीर माझ्याकडून पळून जात होते आणि मला त्याची लाज वाटत होती. हातावर जांभळे, मग हिरवे, मग हळदीसारखे पिवळे डाग उमटत. एक डाग मावळण्याआधी त्याच्या शेजारी दुसरा येई.

चौथ्या सोमवारी तिघांनी मिळून सात वेळा टोचले. सातव्यांदा नळी बसली, औषध सुरू झाले आणि मनगटात निखारा ठेवल्यासारखी आग उठली. डॉक्टर धावत आले आणि औषध थांबवले. "एक्स्ट्राव्हेसेशन," ते म्हणाले, "म्हणजे औषध शिरेबाहेर झिरपणे. थेंबभरच गेले, लगेच कळले, हे बरे झाले. आज राहू द्या. आठवड्याने या. त्याहून उशीर नको. अंतर वाढले की आजाराला सवड मिळते. शिरा मिळतच नसतील तर केमोपोर्ट बसवू." छातीजवळ कातडीखाली बसवलेली एक छोटी डबी आणि तिच्यातून मोठ्या शिरेत गेलेली नळी, म्हणजे केमोपोर्ट. माझ्या कानांनी त्यातून एकच ऐकले: पुन्हा चिरणार.

घरी आल्यावर मी पतींना म्हणाले, "आता नाही. मी तिथे पुन्हा जाणार नाही."

ते आठवडाभर रोज संध्याकाळी माझ्या हाताला शेक देत राहिले. पुढच्या सोमवारी सकाळी मात्र चपला घालून दारात उभे राहिले.

"चाल वं. एकदा चाल. नाही जमलं तं मीच तुले उठवून परत आणतो."

"सात वेळा टोचलं, तेव्हा कुठे होता तुम्ही?"

"बाहेर. आतमंधी येऊ देत नव्हते. आज येतो, कोन अडवते पाहू."

त्या दिवशी आमच्या वाट्याला पुष्पा सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कन्हानकाठच्या खापा गावच्या. सुट्टीवरून नुकत्याच परतलेल्या. त्यांनी ट्रे बाजूला ठेवला आणि आधी माझा हात नुसताच हातात घेतला. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू, नाइलाजाने खाली बसली. मग त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिले.

"काकू, पाणी कधी पेल्या?"

उत्तर पतींनी दिले, "नाश्ता करून आली ना ती. हाव ना वं?"

"काल रात्री," मी म्हणाले. आणि मग एका दमात सारे सांगून टाकले: संकल्प, निर्जळी, चारही सोमवार.

पती खुर्चीवरून उठलेच. "चारही सोमवार? अन् मी येडा, डब्बा भरून आणून राहिलो! त्या डब्ब्याचं काय करे तू?"

"संध्याकाळी खात होते."

"माय वं!" सिस्टर कपाळावर हात मारून हसल्या, आणि हसता हसता एकदम गंभीर झाल्या. "काकू, आमची कन्हान नदी उन्हाळ्यात पाहिली का? पाणी वाळूखाली जाते. वाळूत खड्डा करून झिरा खणत बसा लागते, तवा कुठं वाटीभर लागते. तुमच्या नसाइचं तेच होऊन राहिलं. नसा पळत नाईत, सुकून राहिल्या. बिचाऱ्या कुठून सापडतीन?" मग म्हणाल्या, "महादेवावर धार पाण्याचीच धरता ना? मंग स्वतःले कोरडं काहून ठेवून राहिल्या?"

त्यांनी कोमट पाण्याचा पेला पुढे केला. तो हातात घेऊन मी किती वेळ बसले, कुणास ठाऊक. संकल्प मोडत होता, आणि आठवड्याभरापासून मोडलेली मी त्याच्यासमोर बसले होते. पहिला घोट जिभेवर ठेवला तेव्हा त्याला चव होती. पाण्याला चव असते, हे कोरड्या तोंडालाच कळते.

सिस्टरनी घाई केली नाही. दोन पेले पाजले, थोडे खायला लावले. उजवा हात गरम पाण्यात भिजवलेल्या टॉवेलात गुंडाळून पलंगाच्या कडेवरून खाली लोंबता ठेवला. "मूठ हळूहळू उघडा, मिटा. लोणी काढल्यावानी," त्या म्हणाल्या. तासाभराने परत आल्या, डोळे मिटले आणि दोन बोटे माझ्या कोपराखालून चालवत नेली. भांड्याला कुठे तडा आहे का, हे पाहताना पती असेच डोळे मिटतात. "दिसणाऱ्या नशीच्या नादी लागू नाही," त्या पुटपुटल्या. "बोटाले लागते ती खरी." मग हातमोजे चढवले. "दोनदाच टोचीन. नाही जमलं तं दुसऱ्याले बोलावीन. नशीचा काय गुन्हा?"

दुसऱ्यांदा टोचावे लागले नाही. नळीच्या टोकाशी लाल थेंब उमलला, आणि पतींनी रोखून धरलेला श्वास सोडल्याचे मी ऐकले.

पाचवी आणि सहावी फेरीही अशीच पार पडली. सातव्या वेळी शिरा औषधानेच दोरीसारख्या ताठ झाल्या होत्या. पुष्पा सिस्टरनी दोनदा प्रयत्न केला आणि सुई खाली ठेवून खरोखरच हात जोडले. "काकू, आता पोर्ट बसवून घ्या. मी सांगून राहिली." ज्या चिरण्याला मी भीत होते त्याला मी तिथल्या तिथे हो म्हटले. शेवटच्या दोन फेऱ्या पोर्टमधून झाल्या, आणि उजव्या हाताला अखेर रजा मिळाली.

तुमच्यावर अशी वेळ आली तर आदल्या दिवसापासून पाणी प्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारा. हात उबदार ठेवा. आग झाली तर त्याच क्षणी बोला, सोसू नका. दोन प्रयत्न फसल्यावर दुसरा अनुभवी हात मागण्यात उद्धटपणा नाही. उपास असेल तर तोही सांगा. मी लपवला आणि माझ्या मौनाचा दोष चार सोमवार इतरांच्या हातांवर गेला. ज्या सिस्टर माझ्या कोरड्या शिरा शोधत घामाघूम झाल्या, त्यांची मी मनोमन क्षमा मागते.

आता तपासणीला वर्षातून दोनदाच जाते. सोमवार मी सोडलेला नाही. महादेवाच्या देवळात निघाले की पती दुकानातला तांब्याचा तांब्या भरून दारात उभे असतात. त्यातले पाणी आधी पेल्यात ओततात आणि पेला माझ्या उजव्या हातात देतात.

"आधी तू. मंग त्याले."

मी पिते. उरलेले पाणी पिंडीवर धरते. तांब्या पूर्वीसारखा काठोकाठ भरलेला नसतो, पण धार अखंड पडते.