एफी रिंटूलचं रानडुक्कर

एफी रिंटूल ही स्कॉटलंडातल्या आमच्या फाइफमधली निवृत्त बसड्रायव्हर. गावच्या पितळी वाद्यांच्या बँडमध्ये ती ट्रोम्बोन वाजवायची आणि मी तिच्या पुढच्या रांगेत कॉर्नेट, म्हणजे तिचा प्रत्येक सूर आधी माझ्या मानेवर आदळायचा. एकदा संग्रहालयात तिनं दलदलीत सापडलेलं रानडुकराचं पितळी मुंडकं पाहिलं आणि बाईला वेडच लागलं. जुन्या केल्ट लोकांच्या रणशिंगाचं तोंड होतं ते. कार्निक्स त्याचं नाव. एका तांबटाच्या मागे लागून तिनं तसंच नवं ठोकून घेतलं. माणसाहून उंच नळी, वर आ वासलेलं डुक्कर, आत लाकडी जीभ. फुंकलं की जीभ खडखडायची आणि शेजारचा कुत्रा पलंगाखाली शिरायचा.

आमचा बँडमास्टर डूगल विशार्ट. त्यानं स्पर्धेसाठी नवी रचना केली होती. एफीनं हट्टच धरला.

"डूगल, माझ्या डुकराला घे की त्यात!"

"बँड आहे बाई हा, खाटीकखाना नाही."

"तुझं संगीत ऐकून लोक पेंगतात. माझ्या डुकरापुढे पेंगून दाखवू देत!"

हे त्याला झोंबलं, कारण खरं होतं. "घेतो. पण बक्षीस हुकलं, तर हे जनावर पुन्हा बँडमध्ये दिसता कामा नये. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली खरी, पण चेहरा उतरला. त्या डुकरावर तिचा फार जीव होता.

आमच्या स्पर्धेत परीक्षक कापडी खोपटात बसतो, कोण वाजवतंय ते त्याला दिसू नये म्हणून. त्यानं पाहिलं, की तो बँड बाद. आम्ही सुरू केलं. मधे सगळे अगदी हळुवार वाजवत असताना एफीनं फुंकलं. सभागृह हादरलं. खोपट हललं, आत खुर्ची कोसळली आणि पडद्यातून परीक्षकाचं टक्कल बाहेर आलं! वर डुक्कर, खाली परीक्षक, दोघांनीही आ वासलेला. मला असं हसू फुटलं की कॉर्नेटमधून नुसती शिट्टी निघाली. लोक खुर्च्यांवर चढून टाळ्या पिटत होते.

बँड अर्थातच बाद झाला.

बाहेर एफी मुंडकं उतरवून कांबळ्यात गुंडाळत होती, नाक ओढत. मलाही भरून आलं. तेवढ्यात लालबुंद कानांनी डूगल आला.

"कुठं चाललीस त्याला घेऊन?"

"घरी. हरलो ना आपण. शब्द म्हणजे शब्द."

"खड्ड्यात गेला शब्द! अगं, आयुष्यभर रचना करतोय मी. लोक माझ्यासाठी असे वेडे कधी झाले होते का?" मग जरा अडखळत म्हणाला, "पुढच्या रचनेत याला पहिल्या सुरापासून घेणार आहे."

एफीनं बाहीनं डोळे पुसले. "पहिल्यापासून? मग श्वास घ्यायला जागा ठेव, मेल्या. आज मरता मरता वाचले मी."