हातभर उंचीचं टेबल

हातभरकाकांनी टेप कधी वापरला नाही. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपला हात लाकडावर टाकायचा, नखाने खूण करायची आणि करवत चालवायची. "टेप हरवतो, बाय. हात कुठं जातो?" म्हणायचे. बोईसरला त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. मीही कधी विचारलं नाही.

साठच्या दशकात तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं. माझे यजमान तिथे कारकून. आमच्या भाड्याच्या खोलीतल्या फळ्या काकांनीच ठोकलेल्या. मी उंबऱ्यावर पाय देऊन उभी राहिले की ओरडायचे, "तिथं पाय नको, बाय! लक्षुमी येते तिथून." आमच्या त्या खोलीत कसली लक्ष्मी येणार! पण मी मुकाट्याने बाजूला व्हायची.

पुढे बांधकामासाठी काकांचं समुद्राकाठचं गाव उठलं. घर मोडताना त्यांनी आजोबांच्या हातचं सागवानी दार तेवढं सोडवून आणलं. नव्या घराची चौकट निघाली वीतभर बुटकी. मी म्हटलं, "कापून बसवा की! सुतार ना तुम्ही?"

"दार कापायचं नाय," म्हणाले, आणि ते आमच्या पडवीत टेकवून ठेवलं. पावसाळ्यात त्याला खालून वाळवी लागली.

त्याच सुमारास यजमानांच्या परदेशी साहेबांच्या मडमेला जुन्या लाकडाचं बुटकं टेबल हवं झालं. दार मीच सुचवलं. साहेबांची मर्जी बसावी, दुसरं काय!

"त्याच्यावर ठेवतील काय?" काकांनी विचारलं.

"कॉफीचे कप. पुस्तकं."

"पाय नाय ना ठेवनार कोन?"

साहेब स्टुलावर पाय टाकून बसतात, हे मी दोनदा पाहिलं होतं. "छे हो काका, भलतंच काय!" म्हटलं.

काकांनी दार कापलं. दिवाळीत बायको कुंकवाची बोटं लावायची ती बाजू खाली घेतली. कप सांडला तर कुंकू भिजायला नको, म्हणाले. टेबलाची उंची हातभर.

पोचवायला आम्ही दोघं गेलो. साहेब खूश झाले. खुर्ची ओढून बसले, बुटांसकट दोन्ही पाय टेबलावर टाकले आणि काकांकडे बघून हसले. मी भिंतीकडे बघत राहिले.

"उंची बरोबर झाली," काका म्हणाले.

त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. सफाळ्याला लेकीकडे वारले, हे कळलं तेव्हा मी भाजी निवडत होते. निवडतच राहिले. रडूही आलं नाही.

साहेब मायदेशी गेले तेव्हा टेबल आम्हाला देऊन गेले. आता ते माझ्या मुलीच्या नव्या फ्लॅटमध्ये आहे. असं जुनं लाकूड कुठे मिळालं, येणारेजाणारे विचारतात. जावई दमून येतात, त्यावर पाय टाकतात. 

एकदा घरात कुणी नव्हतं. मी खाली बसले, कोपर फरशीवर टेकवलं आणि टेबलाशेजारी हात उभा धरला. चार बोटं कमी पडला.