गेस्ट म्हणजे कोण?

उद्या सावीची इंग्रजीची टेस्ट आहे. माझी लेक दुसरीत आहे. शब्दांचे अर्थ इंग्रजीतूनच पाठ करायचे, अन् तेही पुस्तकात आहेत तसेच.

संध्याकाळी मी विचारलं, "गेस्ट म्हणजे काय?"

ती म्हणाली, "ज्याच्यासाठी तू शोकेसमधले कप काढते अन् मले गुपचूप बस म्हणते, तो."

खरं सांगते, मला हसू येत होतं. पण गॅसवर भाजी होती, निम्मे शब्द बाकी होते. मी ओरडलेच, "काहून आपल्या मनचं सांगते वं? अशानं मार्क भेटतात का? पुस्तकातलं म्हण!"

डोळे पुसत तिनं पाठ केलं.

तेवढ्यात रामटेकचे मामा आले. मी शोकेसमधले कप काढले. सावी न सांगताच कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली.

मामांनी विचारलं, "काय शिकून राहिली वं पोरी?"

"गेस्टचा अर्थ," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "आई, पुस्तकातला सांगू का माझ्या मनचा?"

तेव्हा तरी मला सुधारता आलं असतं. पण मामांसमोर कसं दिसेल म्हणून मी म्हटलं, "पुस्तकातला."

तिनं धडाधड म्हणून दाखवला. मामा म्हणाले, "शाब्बास!"

मामा आत्ताच गेले. कप धुऊन शोकेसमध्ये ठेवले. सावी अजून त्याच खुर्चीत पुढचे शब्द घोकत आहे.

आता तिच्या मनचा अर्थ विचारला, तर सांगेल का हो ती मला?