मास्तरांचा डावा हात आणि चष्मेवाल्याचा खर्ज

चष्मेवाल्याने मास्तरांचा डावा हात मोडला, ही बातमी आमच्या बाजारपेठेत एका सकाळी आली आणि दुपारच्या चहापर्यंत चांगली बाळसेदार झाली. सकाळी नुसतंच "मोडला" होतं. अकराच्या सुमारास "जिन्यावरून ढकललं" झालं. दुपारी शिंप्याने मला शपथेवर सांगितलं की लोखंडी कांब वापरली, आणि तीही चष्म्याच्या दुकानातलीच. चष्म्याच्या दुकानात कांब कशाला असेल, असं मी विचारलं तर म्हणतो कसा, "म्हणूनच तर कुणाला संशय येत नाही!" मी मुकाट्याने ती बातमी पुढे चौघांना सांगितली.

संशयाला जागा होती, नाही असं नाही. पण त्यासाठी आधी चष्मेवाला समजून घ्यायला हवा. पन्नाशीचा किडकिडीत माणूस, बसला तरी एक गुडघा हलतोच आहे. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवायची आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय, की मगाशी?" तीस वर्षं हाच प्रश्न. आणि दुकान सुटलं की टायरवाल्याच्या बँडमध्ये बेस गिटार. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: चार जाडजूड तारा आणि सगळा कारभार खर्जात. वाजत असते तेव्हा कुणाचं लक्ष जात नाही, थांबली की पायाखालची सतरंजी ओढल्यासारखं होतं. निदान बेस वाजवणारे तरी असं सांगतात.

या माणसाला आपल्या गिटारचा आवाज म्हणून कधी पसंत पडला नाही. तारा गुळगुळीत लावायच्या, मग खरखरीत. आठ दिवसांनी त्या मंद वाटतात म्हणून काढून पातेल्यात उकळायच्या, म्हणजे मळ सुटून पुन्हा खणखणीत होतात. पातेलं अर्थात बायकोचं. चष्म्याच्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरने तारांखालचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारी पट्टी, कागदाच्या जाडीइतका वर घ्यायचा, मग अर्ध्या कागदाइतका खाली. चष्म्याच्या डब्यांतला स्पंज कापून तारांखाली कोंबायचा. पाच तारांची गिटार आणली, पाचवी तार अंगावर येते म्हणून बदलून पुन्हा चार तारांची आणली. आणि दर वेळी दाराबाहेर काउंटरवर फ्रेमा बसवणाऱ्या बायकोला विचारायचं, "अगं, आता बरं वाटतंय, की मगाशी?"

"मगाशी," मान वर न करता ती सांगायची. एकदा तर त्याने अजून वाजवायला सुरुवातही केली नव्हती.

अशात टायरवाल्याने बाँब टाकला. टायरवाला बँडचा प्रमुख, ड्रम वाजवणारा आणि गाडीचा मालकही तोच. बँडमध्ये बाकी दोघंच: कीबोर्डवर मास्तर, म्हणजे शाळेत पेटी शिकवणारे, आणि पोस्टात काउंटरवर बसणारी गायिका.

"चष्म्या, वाईट वाटून घेऊ नको," टायरवाला चाकाचे नट पिळत म्हणाला. "पुढच्या महिन्यात कारखान्याचा कार्यक्रम आहे. तिथून पुढे खर्ज मास्तरांचा डावा हात सांभाळेल. कीबोर्डला खालच्या पट्ट्या असतातच. तुझा तो अँप, ते स्पीकरचं खोकं, म्हणजे कपाट आहे, कपाट! गाडीत दोन माणसांची जागा खातो."

"वीस वर्षं वाजवतोय मी तुझ्याबरोबर."

"माहितीये की."

"एकदा नीट ऐक तरी माझा आवाज. नवा लावलाय."

"अरे बाबा, ऐकू आला असता तर हा प्रश्न आलाच नसता!"

मास्तर कोपऱ्यातल्या टायरवर बसले होते. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, आपला डावा हात मांडीखाली घेऊन बसले.

त्या दिवसापासून चष्मेवाल्याला चैन पडेना. रोज दुपारी मागच्या खोलीतून घुमघुम सुरू. त्याने अँपची बटणं फिरवून खालचा सगळा जडपणा वाढवला, मधला आवाज काढून टाकला, वरचा किंचित ठेवला. खोलीत तो असा मऊ, गुबगुबीत आवाज व्हायचा की भिंतीवरच्या फ्रेमा शहारायच्या. पण समाधान नाहीच. एका बाईंना तर डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला लिहून दिला. त्या परत आल्या, तर यांनी विचारलं, "आता बरं दिसतंय, की मगाशी?" बाई म्हणाल्या, "चष्मा घेण्याआधी."

आणि कार्यक्रमाला दहा दिवस राहिले असताना मास्तर बँडेज बांधून आले. बोटांपासून कोपरापर्यंत पांढरंशुभ्र, गळ्यात झोळी. जिन्यावरून पडलो म्हणाले.

बाजारपेठेला आणखी काय हवं होतं? ज्याच्या डाव्या हाताने चष्मेवाल्याची जागा जाणार, नेमका तोच हात गेला! त्या आठवड्यात एक म्हातारा डोळे तपासायला आला, तो सगळा वेळ दोन्ही हात खिशात घालून बसला. शिंपी रस्ता ओलांडून पलीकडून चालू लागला. चष्मेवाला मास्तरांच्या घरी विचारपूस करायला गेला, तर गल्ली गोळा झाली.

टायरवाल्याने नाइलाजाने निरोप धाडला. "कपाट घेऊन ये. पण ऐक, मास्तरांचा हात बरा होईपर्यंतच. या वेळी ऐकू आलास तर पुढचं बघू. नाहीतर हा शेवटचा कार्यक्रम."

दुसरा कुणी असता तर देव पावला म्हणाला असता. याची झोप उडाली. दुसऱ्याच्या मोडक्या हातावर मिळालेली संधी, त्यातून सगळ्यांचा डोळा आपल्यावर, आणि आवाज तर अजून ठरलेलाच नाही! पुन्हा तारा काढल्या, पुन्हा पातेलं चढवलं. तेव्हा बायकोचा संयम सुटला.

"अहो, मला एक सांगा. गिऱ्हाइकाचा नंबर कसा काढता?"

"हे काय आता मध्येच?"

"सांगा तर."

"एक डोळा झाकायचा, दुसरा तपासायचा. मग तो झाकायचा, हा तपासायचा."

"आणि शेवटी?"

"शेवटी दोन्ही उघडे ठेवून बघायला सांगतो. एकेक डोळा लख्ख दिसला तरी दोन्ही मिळून गरगरायला होतं कधी कधी. माणूस रस्त्याने काय एक डोळा मिटून चालतो?"

"मग बँडमध्ये काय एकटेच वाजवता?"

चष्मेवाला चिमट्यात वाफाळती तार धरून उभा राहिला.

"आणि ते पातेलं आता तुमचंच," ती म्हणाली. "मी नवं आणलंय."

दुसऱ्या दिवशी टायरवाल्याच्या गोदामात सराव होता. चष्मेवाल्याने लांबलचक वायर आणली, अँप कोपऱ्यात ठेवला आणि स्वतः सगळ्यांपासून पंधरा पावलं लांब उभा राहिला.

"वाजवा तुम्ही सगळे. माझ्याकडे बघू नका."

टायरवाल्याने ड्रम धरला, मास्तरांनी उजव्या हाताने कीबोर्ड, गायिकेने गाणं उचललं. चष्मेवाल्याचा तो मऊ, गुबगुबीत खर्ज ड्रमच्या पहिल्याच ठोक्यात बुडाला. पंधरा पावलांवरून त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येईना. वीस वर्षं हा माणूस अँपला खेटून उभा राहिला होता, त्याला कळणार कसं?

तो धावत अँपकडे गेला. जडपणा कमी केला, मधला आवाज वाढवला. पुन्हा पंधरा पावलं, पुन्हा धाव. स्पंज उपटून काढला. बोटं पिकअपवरून मागे सरकवून तारांच्या टोकाकडे नेली. गाणं थांबून तो एकटाच वाजला की त्या आवाजाला काही रूप नव्हतं, पत्र्याच्या डब्यात खडे वाजवल्यासारखा. टायरवाला हसायला लागला. पण सगळे मिळून वाजवायला लागले की एकेक सूर सुटा, ठाशीव, ड्रमच्या बरोबर पाऊल टाकत यायचा.

"आता बरं वाटतंय, की मगाशी?" त्याने सवयीने विचारलं.

"आता," गायिका म्हणाली. "सूर धरायला बरं पडतंय मला."

इतक्या वर्षांत "आता" हे उत्तर त्याला पहिल्यांदा मिळालं होतं. त्याचा विश्वास बसेना. लगेच हात बटणांकडे गेला, अजून थोडं बघू म्हणून. टायरवाला ड्रमवरून उठला, पंक्चरच्या रबराची पट्टी आणली आणि सोल्युशन लावून बटणांवर चिकटवून टाकली.

"हात लावलास तर खरंच कुणाचा तरी हात मोडेल."

सगळ्यांच्या नजरा मास्तरांच्या झोळीकडे गेल्या. मास्तर तेवढे खोकले.

कार्यक्रम रविवारी दुपारी, कारखान्याच्या कँटीनमध्ये झाला. पत्र्याचं छप्पर, वर घरघरणारे पंखे, कामगार आणि त्यांची बायकापोरं. पहिली तीन गाणी चष्मेवाला एका हाताने जमेल तेव्हा रबर खरवडत होता. रबर काही सुटेना. चौथ्या गाण्याला टायरवाल्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. चिडून नव्हे. पायाचा ठोका आणि खर्जाचा सूर एकत्र पडत होता, आणि तो नक्की कोण वाजवतंय याची खात्री त्याला करायची होती. टेबलं बाजूला सरकली, माणसं नाचायला उठली. मास्तर एका हाताने वाजवत होते आणि, आता बोलू नये पण, त्यांच्या वाजवण्यात काही कमी पडल्याचं कुणालाच जाणवलं नाही.

सामान भरताना टायरवाल्याने अँपची एक बाजू स्वतः उचलली. "मास्तरांचा हात बरा झाला तरी हे कपाट येऊ दे," तो म्हणाला. "गायिका पुढे बसेल, मास्तर मागे आडवे."

"म्हणजे ऐकू आलो?"

"गाडीत बस, चष्म्या."

तुम्हाला वाटेल, झालं, माणूस निवांत झाला. सोमवारी सकाळी दुकान उघडताना तो बायकोला विचारत होता, त्या रबरामुळे आवाजात काही फरक पडला असेल का.

राहता राहिली मास्तरांची गोष्ट. त्यांचा हात कुणी मोडला नव्हता, आणि ते जिन्यावरूनही पडले नव्हते. हात धडधाकट होता. दोन्ही हातांनी एकाच वेळी वेगवेगळं वाजवणं त्यांना जमत नव्हतं, आणि पेटीच्या मास्तरांना ते सांगायची लाज वाटली, म्हणून बँडेज त्यांनी स्वतःच बांधलं होतं.