ग्रेन म्हणजे दाणा

थंडी सरता सरता दोह्याच्या उन्हाला एक मऊ, पिवळसर झाक येते, आणि त्या वेळी घरात कुणी तांब्याचं भांडं घासत असेल तर त्या उन्हालाच तांब्याचा वास आहे असं मला वाटू लागतं. अल मुंतझातल्या मुलाच्या घरातून तो वास मला चाळीसएक वर्षं मागे नेतो, इंडस्ट्रियल एरियातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे एका शुक्रवारी सकाळी तेवीस वर्षांची एक अतिशहाणी मुलगी बंदुकीच्या गोळ्या निवडत बसली होती. निवडत म्हणजे अगदी तांदूळ निवडावेत तशी. ती मीच. पण तिची जबाबदारी घ्यायला मी आजही फारशी उत्सुक नाही.

आमचे हे एका नेमबाजी क्लबच्या वर्कशॉपमध्ये नुकतेच लागले होते. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांत नवी दारू आणि नवी गोळी बसवायची, हे त्यांचं काम. कुठल्याशा सैन्याच्या जुन्या साठ्यातल्या नुसत्या गोळ्या, म्हणजे पुढची तांब्याची टोकं, पेटीभर आल्या होत्या. लेबलं दमट हवेनं विरून गेलेली आणि चार-पाच जातींची सरमिसळ झालेली. गोळीच्या वजनावर दारूचं माप ठरतं, आणि क्लबचा वजनकाटा नेमका दुरुस्तीला गेला होता. शनिवारी काडतुसं तयार हवीत, असा मुदीरचा, म्हणजे मोठ्या साहेबांचा, निरोप होता. मी रत्नागिरीच्या सोनाराची मुलगी. वडिलांचा छोटा काटा साड्यांच्या घड्यांत गुंडाळून मी कतारला आणला होता. कशासाठी, ते विचारू नका. अशा प्रसंगाची वाटच पाहत असावे.

काय तो माझा तोरा! लोहचुंबकाला चिकटणाऱ्या एकीकडे, न चिकटणाऱ्या दुसरीकडे. सपाट बुडाच्या वेगळ्या, होडीसारख्या निमुळत्या बुडाच्या वेगळ्या. झरोक्यातून येणाऱ्या तिरप्या उन्हात धुळीचे कण तरंगत होते, आणि पारडी स्थिरावेपर्यंत मी श्वाससुद्धा रोखून धरत होते. निमुळत्या बुडाच्या गोळ्यांच्या पाकिटावर मी ठसठशीत आकडा लिहिला, ऐंशी. ह्यांनी तो पाहून विचारलं, "ग्रेनच ना?"

इंग्रजी मला येतं, असा तेव्हा माझा समज होता. ग्रेन म्हणजे दाणा; आणि वडिलांच्या काट्याची गुंज म्हणजे तरी काय, लाल-काळा दाणाच की. मी मान वर न करता म्हटलं, "हो तर."

दुपारी फरीज बिन ओमरानच्या आमच्या दोन खोल्यांत जेवताना हे खुशीत बोलत होते. गोळ्या फारच हलक्या निघाल्या, तेव्हा उद्या दारू वाढवून घालायची. जड गोळीमागे चुकून तेवढी दारू पडली तर रायफल नेमबाजाच्या तोंडावरच फुटायची, हेही त्यांनी आमटी वाढून घेता घेता सांगितलं. ग्रेनचा दाणा गुंजेएवढाच असतो, हे मी कुणाला विचारलं होतं? ते आडवे झाल्यावर मी काट्याच्या एका पारड्यात गुंज टाकली आणि दुसऱ्यात, इंग्रजांचा दाणा गव्हाचाच असणार म्हणून, एक गहू. मग दुसरा. दोन गव्हांनीही गुंज उचलली जाईना. म्हणजे माझ्या ऐंशी गुंजा ऐंशी ग्रेन नव्हत्याच; गोळ्या चांगल्या जड होत्या.

ती शहाणी त्यानंतर काय करत होती म्हणाल, तर घासलेली भांडी पुन्हा घासत होती. काटाच बिघडलाय म्हणावं, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. बापाच्या काट्याला खोटं पाडायलाही ती तयार झाली होती, पण आपण चुकलो हे म्हणायला जीभ वळत नव्हती. कुणा अनोळखी माणसाचा डोळा एका पारड्यात आणि हिचा तोरा दुसऱ्यात, आणि पारडी तरी हलत राहिली, ही लाज मला आजही पुरते. अखेर मी ह्यांना हलवून उठवलं.

सगळं ऐकून ते खालच्या दुकानात फोन करायला गेले. मागोमाग जिन्यात मी. "मुदीरसाब, मेरे से गलती हुआ, सब फिरसे तोलना पडेगा." मेरे से, म्हणाले. पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकून घेतलं. वर येऊन पाणी प्यायले आणि जराही न रागावता त्यांनी विचारलं, "आणखी कशाकशाला न समजता हो म्हटलंयस?"

यादी ओठांवर आली होती. ह्या वाळवंटाला, विमानाला, आणि मुख्य म्हणजे समोर बसलेल्या ह्या माणसाला. पण मी एवढंच म्हटलं, "ग्रेन म्हणजे किती?" लग्नाला सहा महिने झाले होते, आणि मी त्यांना विचारलेला तो पहिला प्रश्न. दिवे लागेपर्यंत ते सांगत बसले.

बंदुकांच्या आवाजानं आता त्यांचे कान गेलेत. यंत्र लावायचा कंटाळा, म्हणून मी काहीही विचारलं की हो म्हणून मोकळे होतात. परवा चहा पिताना मी सहज विचारलं, पुन्हा हाच जन्म, हेच ऊन आणि हीच बाई चालेल का. त्यांनी बशी खाली ठेवली आणि शांतपणे हो म्हटलं. ऐकू आलं होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही.